उत्तर बाजू, सकाळ

वर्तक सर गेले त्याला परवा सात आठवडे झाले. सकाळी पावणेआठच्या सुमाराला त्यांच्या मुलाचा, नचिकेतचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. “शुभदाताई, बाबा गेले. पहाटे, झोपेतच,” एवढंच तो म्हणाला... झारी हातात तशीच कलती राहिली असावी, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून “आज पूर आणायचं ठरलंय का?” असं विचारलं तेव्हा मी भानावर आले. शहाऐंशीव्या वर्षी, अंथरुणाला न खिळता, झोपेत आलेलं मरण. लोक याला भाग्याचं मरण म्हणतात. मीही त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच म्हणत होते. पंचेचाळीस वर्षं मी त्यांची विद्यार्थिनी होते, आणि मी स्वतः चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावरही माझ्या मनात त्यांच्यासमोर मी विद्यार्थिनीच होते.

बाराव्या दिवशी शोकसभा झाली. जुने विद्यार्थी बोलले, मीही बोलले. “सरांनी आयुष्यात कधी खोटी रेघ मारली नाही आणि आम्हालाही मारू दिली नाही,” हे माझं वाक्य लोकांना आवडलं. दोघा-तिघांनी ते नंतर लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी या पुरवणीसाठी सरांवर लेख लिहाल का, अशी विचारणा झाली आणि मी एका बैठकीत तो लिहूनही काढला. पाठवायच्या आदल्या दिवशी सरांच्या पत्नीने, मालतीकाकूंनी, मला खराडीला बोलावून घेतलं. तिथून परत आल्यावर मी तो लेख फाडला. हा दुसरा लेख आहे.

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेज संपवून संध्याकाळी त्यांच्या चित्रकलेच्या वर्गाला जायचे. दर रविवारी सकाळी सात वाजता ते आम्हाला मंडईसमोर बसवत. भाजीच्या पाट्या उतरत असायच्या, आणि आम्ही आठ-दहा जण मांडीवर फळी घेऊन मंडईचा दगडी मनोरा काढत असायचो. पहिल्याच रविवारी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“मनोऱ्याला खिडक्या किती?” त्यांनी विचारलं.

“आठ.”

“मोजल्यास?”

“अष्टकोनी आहे ना सर, म्हणजे आठच असणार.”

“असतील. देवाला आठ दिसत असतील. तुला इथून किती दिसतात?”

मला तीन दिसत होत्या. कागदावर मात्र मी पाच कोंबल्या होत्या. सरांनी माझ्या हातात खोडरबर ठेवलं आणि पुढच्या मुलाकडे गेले. त्यांची सगळी शिकवण त्या एका प्रश्नात होती, असं मी पुढे कित्येक वर्षं माझ्या वर्गात सांगत आले. माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. ते कुणाचं तोंडभरून कौतुक करत नसत. “बरं आहे” हा त्यांचा सर्वांत वरचा शेरा होता आणि तो मला पहिल्या तीन वर्षांत दोनदा मिळाला.

आता त्या चित्राकडे येते. माझे वडील लष्कर भागातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या रुग्णांमध्ये पियानो शिकवणाऱ्या एक वृद्ध अँग्लो-इंडियन बाई होत्या. घरी जाऊन त्यांना इंजेक्शन द्यायचं काम वडिलांनी बरीच वर्षं केलं. बाई भावाकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघाल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरचं एक चित्र काढून वडिलांच्या हातात दिलं. त्यांच्या पणजोबांच्या भावाने एकोणिसाव्या शतकात, तरुणपणी फ्रान्समध्ये भटकताना, तिथल्या कुठल्याशा शहराचं मोठं कॅथीड्रल बघून ते काढलं होतं. जलरंगातलं अभ्यासचित्र, वहीच्या दोन पानांएवढं. डावीकडे रंगवलेली उंच भिंत, तिला टेकून उभे असलेले दगडी आधार, निळ्या-करड्या सावल्या, वर एका सुळक्याच्या टोकावर ऊन. उजवीकडचा भाग नुसता पेन्सिलीचा, तिथे चित्रकार उठून गेला असावा. खाली इंग्रजीत तीन शब्द लिहिलेले, त्यांचा अर्थ ‘उत्तर बाजू, सकाळ’. शहराचं नाव नाही, चित्रकाराचं नाही. वडिलांना चित्रातलं काही कळत नव्हतं. पण त्यांना कुणी आपणहून दिलेली ती बहुधा एकच वस्तू होती. आमच्या दोन खोल्यांत त्यांनी ते अशा जागी लावलं की जेवताना समोर यावं. घरात त्याला सगळे ‘चर्च’ म्हणायचे. “चर्चच्या खाली ठेवलाय बघ चष्मा,” असं आई म्हणायची. शेवटच्या आजारपणात वडिलांनी आपली कॉट फिरवून घेतली, ती त्या चित्राकडे तोंड यावं म्हणून.

सर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने केलेला चहा निवून गेला. ते चित्रासमोरून हललेच नाहीत. मग मला बोलावून म्हणाले, “हे टोकावरचं ऊन बघ. रंगवलेलं नाही ते. कोरा कागद आहे. याने ऊन राखलंय.” त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते यायचे. आल्यावर आधी चित्र, मग खुर्ची. माझ्या वडिलांना या गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांच्या चित्रासाठी एक मोठा माणूस जिने चढून येतो, हे ते दवाखान्यात सांगत.

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी त्या भिंतीत ओल आली आणि चित्रावर तपकिरी ठिपके उमटले. आकाशात आधी चार-पाच, मग सगळीकडे. मी मुंबईला चित्रं दुरुस्त करणाऱ्या कुणाकडे तरी पाठवायचं म्हणत होते. सर म्हणाले, “मुंबईला कशाला? मी आहे ना.” त्यांनी जुने नकाशे, लोकांची घराण्यातली चित्रं अशी साफ केलेली होती. मी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून त्यांच्या हाती दिलं. याला आता बावीस वर्षं झाली.

आठ महिने लागले. मी विचारायचे, ते म्हणायचे, “कागद म्हातारा आहे, घाई करून चालत नाही.” एका रविवारी सकाळी ते स्वतः चित्र घेऊन आले. नवी चौकट, नवी काच, मागून कागद चिकटवून पक्कं बंद केलेलं. ठिपके गेले होते. निळा इतका स्वच्छ दिसत होता की मला क्षणभर वाटलं, वडिलांनी हे असं कधी पाहिलंच नाही... मला रडू आलं. मी वाकून नमस्कार केला तर सर दोन पावलं मागे सरकले. “पाया कसल्या पडतेस,” म्हणाले. मग जाता जाता दारात म्हणाले, “मागचा कागद उघडू नकोस. हवा लागेल.”

त्यानंतर ते आमच्याकडे चित्र बघायला कधीच आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले, जिना होत नाही म्हणाले. मीच त्यांच्याकडे जायचे. त्याच गुडघ्यांनी ते पुढची दहा वर्षं पर्वती चढत होते, हे मला माहीत होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

मी त्या चित्रावरून पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवलं. निवृत्तीनंतर घरी वर्ग सुरू केला तेव्हा प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी त्याच्यासमोर उभं करायचे आणि सांगायचे, बघा, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ऊन कसं राखलंय. सरांना भेटले की हेही त्यांना सांगायचे. ते ऐकून घ्यायचे. कधी “हं” म्हणायचे.

नऊ वर्षांपूर्वी एका संग्रहालयाने जुन्या जलरंगांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. तिथल्या अधिकारी, मीनाक्षीबाई, चित्र बघायला घरी आल्या. त्यांना ते फार आवडलं, निदान मला तसं वाटलं. निघताना म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं नाव खाली लिहू, त्यांच्या संग्रहातून म्हणून.” माझ्या वडिलांच्या नावापुढे ‘संग्रह’ हा शब्द... मी दोन दिवस त्याच आनंदात होते. चित्र कुणी साफ केलं हे त्यांनी विचारलं होतं, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने सरांचं नाव आणि फोन नंबर दिला. आठवड्याने पत्र आलं. चित्राच्या काळाबद्दल शंका असल्याने ते प्रदर्शनात घेता येत नाही, क्षमस्व. शंका कशावरून, ते लिहिलं नव्हतं.

मी तावातावाने उत्तर लिहिलं आणि सरांना दाखवायला घेऊन गेले. त्यात एक वाक्य असं होतं : ‘आपल्या तज्ज्ञांची नजर तपासून घ्यायची असल्यास पुण्यात नेत्रतज्ज्ञ पुष्कळ आहेत, पत्ते हवे असल्यास कळवावे.’ सरांनी ते पत्र दोनदा वाचलं.

“पाठवायलाच हवं का?” त्यांनी विचारलं.

“हवं. त्यांनी माझ्या वडिलांना खोटं पाडलंय.”

सर म्हणाले, “मग ही वेलांटी तरी नीट कर.” त्यांनी खिशातलं पेन काढून ती स्वतःच दुरुस्त केली आणि पत्र मला परत दिलं. मी ते पाठवलं.

खराडीला नचिकेतचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून नुसत्या काचेच्या इमारती दिसतात. आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांमध्ये माणसं कामाला गेलेली असतात त्या वेळी, दुपारी, मी पोहोचले. काकू एकट्याच होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, आणि आत जाऊन एक खाकी पुठ्ठ्याची पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

“उघड,” म्हणाल्या.

आत चर्च होतं. मी ते ताबडतोब ओळखलं, आणि तरी काय बघतेय ते मला कळेना. आकाश जवळजवळ गेलेलं होतं. सगळ्या निळ्या-करड्या सावल्या विटकरी, गुलाबीसर झालेल्या. पेन्सिलीच्या रेघा, दगडांचे सांधे, सुळक्याचं टोक जिथल्या तिथे होतं. पण सकाळ उरली नव्हती. कुणीतरी त्या भिंतीवर गंजाचं पाणी ओतावं तसं दिसत होतं. खाली तेच तीन शब्द.

“हे काय आहे, काकू?”

“तुझं चित्र,” काकू म्हणाल्या. “तुझ्याकडे आहे ते ह्यांनी काढलेलं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. डाग काढायला सरांनी पाण्यात काहीतरी ब्लीचसारखं घातलं होतं. आधीच्या कामांत ते चाललं होतं. या चित्रातल्या सावल्यांमध्ये नीळ मिसळलेली होती, आणि ब्लीच निळीला खाऊन टाकतं. तांबडा रंग तेवढा मागे राहिला. सर परातीतून कागद उचलेपर्यंत सगळं संपलेलं होतं. “अर्धा तास त्या परातीत हात घालून बसले होते,” काकू म्हणाल्या. “मी जेवायला हाक मारली, तरी उठेनात.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होते. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणाले. मग म्हणाले, आधी एक करून बघतो. आठ महिने करत होते. दहा फाडली, अकरावं तुला दिलं.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. मला शपथ घातली होती गं.”

मी बावीस वर्षं या बाईंच्या हातचं जेवले होते. दर दसऱ्याला सोनं द्यायला गेले होते. मी विचारलं, माझ्यासाठी काही लिहून ठेवलंय का त्यांनी. काकूंनी नकारार्थी मान हलवली. “बसले होते दोन-तीनदा. ‘चि. शुभदास’ लिहून उठायचे.” मग म्हणाल्या, “तू येऊन त्या चित्राचं कौतुक करून गेलीस की त्या दिवशी ह्यांना जेवण जात नसे.”

“मग मी काय करू? कीव करू त्यांची?”

“करू नकोस,” काकू म्हणाल्या. “मी सांगते म्हणून तर मुळीच करू नकोस. पण हे घेऊन जा. मला आता हे घरात नको.” आणि मी उठल्यावर, आता सगळं सांगूनच टाकायचं ठरवल्यासारखं, त्यांनी मीनाक्षीबाईंचंही सांगितलं. बाईंनी तेव्हा सरांना फोन केला होता, आणि चित्र मूळ नाही, नक्कल आहे, हे सरांनीच त्यांना सांगितलं होतं. शुभदाला कारण कळवू नका अशी विनंतीही केली होती.

घरी येऊन मी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. कॅथीड्रलच्या दाराशी एक बाई आहे, नखाएवढी. लहानपणी मी आईला विचारायचे, ही बाई आत जाऊन काय करणार? मूळ चित्रात तिचा एक पाय पायरीवर आहे. सरांच्या चित्रात तिचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. माझ्या विद्यार्थिनींना मी गेली कित्येक वर्षं सांगत होते, ही बाई दारात थांबली आहे, तिच्यामुळे इमारत किती उंच ते कळतं. ती थांबली कधीपासून, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. ज्यांनी मला मोजायला शिकवलं त्यांच्या हातून आलेली वस्तू मी मोजली नाही. आणि मी मोजणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर त्यांनी बावीस वर्षं काढली.

कागद पाण्यात बिघडतो. माझ्याही हातून पुष्कळ बिघडलेत. त्या रविवारी ते मोकळ्या हाताने आले असते आणि “शुभदा, तुझ्या वडिलांचं चित्र मी घालवलं” म्हणाले असते, तर मी रडले असते, कदाचित महिनाभर त्यांच्याकडे गेले नसते. मग गेले असते. मला हे माहीत आहे. त्यांना ते माहीत नव्हतं, ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही. आणि त्या पत्रातली वेलांटी... एका जाणत्या बाईचा मी अपमान करत होते, ती खरं बोलतेय हे ठाऊक असलेला माणूस माझ्या समोर बसला होता, आणि त्याने माझं शुद्धलेखन तपासलं.

मीनाक्षीबाई आता निवृत्त झाल्या आहेत. मी त्यांना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. मराठी चांगलं आहे तुमचं.” आणि पुढे म्हणाल्या, “मी सरांना विचारलं होतं, नक्कल कुणी केली? म्हणाले, असेल कुणी हौशी. मला तेव्हाच वाटलं, हौशी माणसाचं काम नव्हे हे.”

त्यांचं हे म्हणणं खरं आहे, आणि ते लिहिताना मला त्रास होतो. ते चित्र आता मी सरांचं म्हणून बघते. आकाश एका दमात ओढलंय, कुठे ब्रश थांबलेला दिसत नाही. टोकावरचं ऊन त्यांनी मूळ चित्रकारापेक्षा अधिक धीटपणे राखलंय. शोकसभेत त्यांच्या कामांची यादी वाचली गेली, तीत हे नव्हतं. सरांनी याच्यापेक्षा चांगलं काही काढलेलं मी पाहिलेलं नाही.

या लेखाबद्दल मी नचिकेतला आधी सांगितलं. तो म्हणाला, “ताई, काय मिळणार लिहून? बाबा आता उत्तर द्यायला नाहीत.” मी म्हटलं, होते तेव्हा बावीस वर्षं होते. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. “आई म्हणते, लिहू दे तिला. एकदाच लिहायचं, आणि नीट लिहायचं म्हणाली.” मी नीट लिहायचा प्रयत्न केला आहे. शोकसभेतलं माझं ते वाक्य ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी कृपया खोडावं.

मागच्या आठवड्यात मी सरांच्या चित्राची चौकट उघडली. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पेन्सिलीने लिहिलं : ‘नक्कल. चित्रकार वर्तक, पुणे.’ ते चित्र मी खणात ठेवलं आहे, वर्गातल्या मुलींना काढून दाखवते. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आता वडिलांचं, विटकरी झालेलं चित्र लावलं आहे. परवा वर्गात नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, “मॅम, ह्याला काय झालं?”

“माझ्या सरांच्या हातून बिघडलं,” मी म्हटलं.

ती “अच्छा” म्हणाली आणि पिशवीतून रंग काढायला लागली. सांगायला मला एवढाच वेळ लागला.